अर्धी राहिलेली पाने

वडिलांचे चरित्र मुलाने लिहायला घेतले म्हणजे बहुधा त्याची आरतीच होऊन बसते. गुण तेवढे ओवाळायचे आणि उणे असेल ते निरांजनामागच्या अंधारात राहू द्यायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या बाबतीत हे सहज घडू शकले असते. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस वारले, तेव्हा मराठी ख्रिस्ती समाज त्यांना संतच मानू लागला होता. परंतु मुलाने, देवदत्ताने, चरित्राची सामग्री गोळा करताना आईला गळ घातली की, तुझ्या आठवणी लिहून दे. आई म्हणजे लक्ष्मीबाई. नवऱ्याने हाताला धरून अक्षरे शिकविलेली ही बाई लिहायला बसली, आणि आरतीऐवजी ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली.

हे घर जडले ते नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. अमेरिकन मराठी मिशन तेथे १८३१ पासून होते. ‘ज्ञानोदय’ही १८४२ साली तेथूनच निघू लागला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेऊन टिळक नगरला आले आणि मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवू लागले. बायको आणि लहानगा दत्तू मात्र मागेच राहिले. त्या काळी ब्राह्मण घरात नवरा बाटला म्हणजे तो जिवंतपणीच मेल्यासारखा. चार-पाच वर्षे अशी गेली. मुलाच्या वाट्याला तेवढ्या काळात बाप आला असेल तो पत्रांतून आणि मोठ्या माणसांच्या कुजबुजीतून. पुढे लक्ष्मीबाई नगरकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. ते त्यांनी स्वतःच्या विचाराने टाकले आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

अशा मुलाच्या मनात बापाविषयी अढी राहती तर कोणी दोष दिला नसता. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते ते निराळेच. टिळक न सांगता घरातून निघून जात, क्षणात तापत, क्षणात निवत. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. समोरचा गरजू दिसला की घरच्या गरजा ते विसरत. लक्ष्मीबाई हे सारे सांगतात आणि सांगता सांगता हसतात. नवऱ्याचा उल्लेख त्या सरळ ‘टिळक’ असा करतात. त्या एका शब्दात त्यांचा रागही असतो आणि लाडही. देवदत्ताने हे छापले. माझ्या मते पितृभक्तीची खरी कसोटी येथेच आहे. बापाचे वेंधळेपण जगापुढे ठेवायला जेवढे प्रेम लागते, तेवढे त्याच्या मोठेपणाचे ढोल वाजवायला लागत नाही.

टिळकांचे बापपण पोटच्या मुलांपुरतेही नव्हते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, त्यात सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक मुलगा चमकला. टिळकांनी त्याला जवळ केले. नगरच्या घरात हा ‘बालकवी’ लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला, रुसला, पुन्हा खुलला. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून तो गेला. टिळक त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले.

आणि गंमत अशी की या बापाने मागे ठेवले ते बरेचसे अर्धवट. मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तो त्यांच्यामागे फार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९०९ मध्ये आरंभिले आणि दहा-अकरा अध्यायांवर थांबले. उरलेले लिहिले कोणी? तर लक्ष्मीबाईंनी, चांगले चौसष्ट अध्याय! पण त्यांच्याही हातून ते शेवटास गेले नाही. अखेरचा अध्याय देवदत्ताने जोडला आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर पडला. ‘स्मृतिचित्रां’चेही तसेच. १९३४ पासून भाग निघू लागले, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या, आणि टिळकांच्या अखेरच्या दिवसांची हकिकत मुलाला पुरी करावी लागली. आईने जिथे लेखणी ठेवली तिथून ती उचलून बापाचा मृत्यू लिहायचा, हे काम सोपे नव्हे.

पुढे नातवानेही तेच केले. अशोक देवदत्त टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’ची आवृत्ती टिपांसह संपादिली, आणि ‘चालता बोलता चमत्कार’ ही आजोबांवरची चरित्रात्मक कादंबरी लिहिली.

नगरच्या उपासनामंदिरांतून रविवारी सकाळी टिळकांची पदे आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात. म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांना ती कोणाची हे सांगावे लागत नाही. आजोबांच्या शेजारी बसूनच ती त्यांना पाठ झालेली असतात.