मल्चिंग पेपरची कुळकथा

गादीवाफ्यावर अंथरल्या जाणाऱ्या मल्चिंग पेपरचे मूळ हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यात आहे. पाचट, काड, पालापाचोळा पसरून जमिनीची ओल राखण्याची रीत त्याहून खूप जुनी. पण कारखान्यात तयार झालेली गुंडाळी शेतात उलगडण्याचा प्रघात तेथे पडला. हवाईतल्याच ओलाआच्या मळ्यात पाऊस भरपूर, त्यामुळे तणही अनावर. तेथील व्यवस्थापक सी. एफ. एकार्ट यांनी १९१४ च्या सुमारास उसाच्या सऱ्यांवर डांबरी कागद अंथरून पाहिला. उसाचे टोकदार कोंब कागद भेदून वर आले, तणाचे नाजूक अंकुर मात्र खालीच गुदमरले. पुढे अननसाच्या बागाईतदारांनी ही युक्ती उचलली. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कागदी आच्छादनाच्या प्रयोगांवर पुस्तिकाही काढली. तरी कागद महाग होता, वाऱ्याने फाटे आणि मातीत दाबलेल्या कडांशी कुजे.

कागदाची जागा घेणारे पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांच्या हाती योगायोगाने लागले. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलींच्या वेष्टनासाठी वापरले गेले. युद्धानंतर त्याची पातळ फिल्म स्वस्त झाली आणि १९५० च्या दशकात केंटकी विद्यापीठातील एमरी एमर्ट यांनी भाजीपाल्यासाठी काळ्या फिल्मचे प्रयोग केले.

काळा रंग उजेड अडवतो, म्हणून तण वाढत नाही. जमिनीतून निघालेली वाफ फिल्मच्या खालच्या बाजूला थेंब धरते आणि ते पाणी पुन्हा मातीत उतरते. पारदर्शक फिल्मखाली माती अधिक तापते, पण तणही उगवते. लागवडीआधी, कडक उन्हात ओल्या जमिनीवर ती काही आठवडे ताणून ठेवली, तर मातीतील रोगकारक बुरशी मरते. याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे इस्राएलमध्ये १९७६ मध्ये मांडले. चंदेरी-काळ्या फिल्मची चंदेरी बाजू वर ठेवतात. तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडामुळे मावा व फुलकिड्यांचा उपद्रव कमी होतो.

महाराष्ट्रात कलिंगड, टोमॅटो, मिरची यांसाठी २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा पेपर प्रचलित आहे. आधी वाफ्यावर ठिबकच्या नळ्या टाकतात, मग पेपर ताणून कडा मातीत दाबतात आणि ठरलेल्या अंतरावर छिद्रे पाडून रोपे लावतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आणखी एक लाभ होतो: फळ ओल्या मातीला टेकत नाही आणि सडण्यापासून वाचते.

टिकाऊपणाची किंमतही आहे. चीनमध्ये जेमतेम ८ मायक्रॉनची फिल्म वर्षानुवर्षे वापरली गेली. तिचे गोळा न होणारे तुकडे मातीत साचले, तेव्हा २०१७ च्या मानकाने किमान जाडी १० मायक्रॉन केली. युरोपने २०१८ मध्ये मातीत विघटन होणाऱ्या फिल्मसाठी वेगळे मानक आणले. प्लास्टिकचा पेपर घ्यायचा, तर पिकानंतर अखंड उचलता येईल इतका जाड घ्यावा. एका हंगामाच्या भाजीपाल्याला तो सोयीचा आहे. गुलाब, फळझाडे यांसारख्या वर्षानुवर्षांच्या लागवडीला पाचट आणि पालापाचोळाच योग्य. त्यांचा थर बुंध्यापासून थोडा दूर ठेवावा, म्हणजे साल कुजत नाही. हे आच्छादन ओल राखते, कुजून मातीत सेंद्रिय द्रव्य वाढवते आणि कधी उचलावे लागत नाही.