चर्चमध्ये टाळ आला कुठून?

नागपूरहून पूर्वेकडे जाणारी गाडी भंडारा रोडला थांबते. स्टेशन वरठीला, भंडारा शहर तिथून बरंच आत. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक याच मार्गानं राजनांदगावला गेले. त्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी त्यांना भेटले. बोलणं कवितेवरून धर्मावर आलं. निरोप घेताना वॉर्डनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला.

ही हकिगत इतक्यांदा सांगितली गेली आहे की मराठी ख्रिस्ती भजनाचा जन्म त्या डब्यातच झाला असा समज व्हावा. टिळकांचा मोठेपणा वादातीत आहे, पण या भजनाचं कूळ त्यांच्याही मागे जातं, आणि ते सलग नाही.

त्याचा सर्वांत जुना पूर्वज गोव्यातला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये तिथे आला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, त्यातल्या पुष्कळ अस्सल पोथीच्या वळणाच्या. हिंदू पुराणं ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती लोकांना आता पुराण कुठलं, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. पण देवनागरी खिळे नव्हते म्हणून पुस्तक रोमन लिपीत निघालं, आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं गोव्यातल्या स्थानिक भाषेवरच बंदीचं फर्मान काढलं. घाटावरच्या मराठी वाचकापर्यंत हा ग्रंथ पोचायचा राहिला तो राहिलाच.

त्यामुळे १८१३ मध्ये अमेरिकन मिशन मुंबईत आलं तेव्हा गाण्याची पाटी कोरी होती. मिशनऱ्यांनी साहजिकच आपली गीतं मराठीत उतरवली, चाली मात्र मूळच्याच ठेवल्या. घोटाळा तिथे झाला. इंग्रजी गीताच्या नेहमीच्या एका मापात आठ-सहा-आठ-सहा अशी अक्षरं येतात आणि एक सोडून एका अक्षरावर जोर पडतो. मराठीचं वजन लघु-गुरूवर चालतं. परिणामी ठोका पडायचा विभक्तीच्या प्रत्ययावर, आणि ज्याला हाक मारायची तो देव निसटून जायचा. उलट मोठ्या अभंगाचं माप बघा: सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. न शिकलेल्या माणसालाही ते दुसऱ्यांदा ऐकताना म्हणता येतं.

हा गुंता अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी सोडवला. १८६० च्या दशकात तिथे ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, आणि त्यात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांचं नाव पुढे येतं. साचा हरदासांचाच: आधी नमन, मग एखाद्या वचनाचं निरूपण, मग आख्यान, मधूनमधून साकी, दिंडी, पद, साथीला टाळ आणि मृदंग. आख्यानात ध्रुव-प्रल्हादाऐवजी बायबलातला उधळ्या पुत्र आला. देवळाचं वाद्य प्रार्थनेत कशाला, अशी कुरकुर झालीच. मला यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. या मंडळ्यांत बहुसंख्य माणसं महार-मांग वस्त्यांतली होती. गाणं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. देवळात नारदाच्या गादीवर उभं राहण्याचा मान मात्र त्यांना कोणी देत नव्हतं. इथे ती जागा मिळाली. कीर्तनाची चाल उचलणं सोपं होतं, जागा मिळवणं सोपं नव्हतं.

भंडाऱ्यात गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू झाली. इथे आलेलं मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं. स्टीफन हिस्लॉपनी नागपुरात घातलेल्या पायाचाच तो विस्तार. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते या शहरात ठाण मांडत होतं. या चर्चची गंमत अशी की त्याच्या उपासनेत मुळी वाद्यच चालत नसे. एकानं स्तोत्राची चाल धरायची, बाकीच्यांनी नुसत्या गळ्यानं पाठोपाठ गायचं. ऑर्गनला परवानगी मिळाली ती १८८३ मध्ये, तीही बऱ्याच वादावादीनंतर. ज्या धर्मगुरूंना उपासनेत ऑर्गनसुद्धा संशयास्पद वाटत आलेला, त्यांच्यापुढे मराठी मुलखात टाळ-मृदंग येऊन उभा राहिला!

टिळक आले तोवर साचा असा तयार होता. त्यात ताकदीचा कवी उतरला, एवढाच फरक. पण तो फरक फार मोठा. त्यांच्या पदांत भाषांतराचा वास राहिला नाही. ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतसंग्रहातल्या सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेहून अधिक त्यांची आहेत. १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी उभी केली. ‘ख्रिस्तायना’चे साडेदहा अध्याय लिहून १९१९ मध्ये ते गेले, पुढचे ६४ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले. स्टीफन्सनंतर तीन शतकांनी ख्रिस्तचरित्र पुन्हा ओवीत आलं.

देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. टाळ चर्चमध्ये गेला तशी पेटी बाहेर पडली. हार्मोनियम फ्रान्समधली, अलेक्झांडर डबेन यांनी १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. युरोपियन लोकांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून ती हिंदुस्थानात आली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता हातानं चालवायची सोय केली आणि ती मांडी घालून बसलेल्या गवयापुढे आली. आज हरिकीर्तनाला पेटी नसेल तर श्रोत्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. तिचा थोरला भाऊ ऑर्गन, म्हणजे पायपेटी. स्कॉटिश मंडळींना १८८३ पर्यंत वर्ज्य असलेला हा ऑर्गन भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या झाडीपट्टी नाटकात अजून रात्रभर वाजतो, आणि तिथे तो कुणाला परका वाटत नाही.