पणजीचं लग्न

मागच्या वीकएंडला आजोळी, उत्रोलीला गेलो होतो. (भोरच्या जवळ. नेटवर्कची बोंब, त्यामुळे गप्पा भरपूर!) बोलता बोलता पणजीच्या लग्नाचा विषय निघाला. साल १९३८, पणजीचं वय दहा. "मांडवात पेंगत होती म्हणे. वडिलांनीच कडेवर घेऊन बोहल्यावर उभी केली," आजी कौतुकानं सांगत होती.

"अगं, पण हा गुन्हा आहे!" मी म्हणालो.

"गुन्हा कसला? लेकीवर जीव होता त्यांचा."

पुण्यात परतल्यावरही ते डोक्यातून जाईना. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं होतं. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा, आणि भोर १९४८ पर्यंत पंतसचिवांचं संस्थान.

त्याआधीची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवरा १८८४ मध्ये कोर्टात गेला. १८८७ मध्ये निकाल लागला, नांदायला जा नाहीतर तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल! शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

१८९१ मध्ये सरकारनं मुलींचं संमतिवय १० वरून १२ केलं. फक्त दोन वर्षं! तरी केवढं वादळ उठलं. विरोधात खुद्द टिळक. गंमत म्हणजे मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत असं त्यांनीच सुचवलं होतं. त्यांचा आक्षेप होता तो परक्या सरकारनं धर्मात हात घालण्याला. पण तोवर त्या पोरींनी काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

पुढे लग्नाचं वय १९४९ मध्ये १५ झालं, १९७८ मध्ये १८. आज आपल्याला १८ हा आकडा इतका स्वाभाविक वाटतो, जणू काही तो पहिल्यापासूनच होता.

पणजीचे वडील दुष्ट नव्हते. सगळे करत होते तेच त्यांनी केलं. मला खरी भीती वाटते ती याचीच. आमच्या सोसायटीत कामवाल्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट आहे. तीन वर्षं मी तिथे राहतोय, मीटिंगला जातोय, आणि एकदाही तोंड उघडलेलं नाही. उद्या माझ्या पणतूनं विचारलं, "तुम्हाला त्यात काहीच वाटलं नाही?", तर?

"माणूस प्रेमळ होता हो," असं म्हणून कुणीतरी माझीही बाजू घेईल. पण येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. बोलायचं ठरवलंय. बघू.