जैवसिमेंटीकृत वाळूचे विद्युत् निरीक्षण

खनिज साक्याने घट्ट केलेल्या वाळूतील बदल, ती न उकरता, विद्युत् मापनाने जोखण्याची पद्धती. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा सूक्ष्मजंतू यूरियाचे विघटन करतो. या विघटनातून सुटणारे कार्बोनेट व पुरवलेले कॅल्शियम यांपासून बनलेले कॅल्साइट कणांना सांधते (पहा : मृदा स्थिरीकरण). वाळूत रोवलेल्या चार विद्युत् अग्रांपैकी दोहोंतून प्रवाह सोडून उरलेल्या दोहोंमधील विभवांतर मोजतात. छिद्रे आकसली की रोधकता वाढावी, असे आर्ची यांच्या 1942 मधील नियमावरून निघते. मात्र विघटनात सुटणारे अमोनियम आयन छिद्रजलाची संवाहकता वाढवून हा बदल झाकतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून छिद्रजलाची संवाहकता स्वतंत्रपणे मोजून तिचा परिणाम वेगळा काढणे अपरिहार्य ठरते. तेवढ्यानेही बळकटी कळत नाही : कणांच्या स्पर्शबिंदूंवरचे थोडे कॅल्साइट पृष्ठभागावरच्या पुष्कळ लेपापेक्षा अधिक बळ देते. त्यामुळे विद्युत् मापनाला कर्तन तरंगांच्या वेगाची जोड द्यावी लागते (पहा : भूभौतिक समन्वेषण).