'विश्वस्त' की 'मालक'? : प्लाचीमाडाची दोन निकालपत्रे

प्लाचीमाडाचा खटला आम्ही प्रथम वाचला तो कायद्यासाठी नव्हे, 'मालक' या शब्दासाठी. केरळच्या पालघाट जिल्ह्यातील या गावी २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. विहिरी आटल्या, उरलेले पाणी पिण्याजोगे राहिले नाही, अशी तक्रार घेऊन आदिवासी स्त्रिया एप्रिल २००२ मध्ये त्याच्या दारात ठाण मांडून बसल्या. मयिलम्मा त्यांत अग्रभागी होत्या. कारखान्यातील गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात असे. २००३ साली तपासणीत त्यात शिसे व कॅडमियम आढळले.

त्याच वर्षी पेरुमट्टी पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. भूजल ही लोकांची संपत्ती, शासन तिचे केवळ विश्वस्त, असे न्या. के. बालकृष्णन नायर यांनी डिसेंबर २००३ मध्ये मानले. जमीन ज्याची, त्याने तिच्याखालचे पाणी हवे तेवढे उपसावे, हे त्यांना मान्य नव्हते. एप्रिल २००५ मध्ये खंडपीठाने ही भूमिका फिरविली. मनाई करणारा कायदा नसेल तर जमीनमालकाचा वाजवी उपसा अडविता येत नाही, असे म्हणत त्याने दिवसाला पाच लाख लिटर पाण्याची मुभा दिली. येथे 'वाजवी' या विशेषणापाशी आम्ही दरवेळी अडखळतो. ते ठरवायचे कोणाच्या तहानेच्या मापाने? निकालाने तज्ज्ञांच्या अहवालातील आकडा स्वीकारला. दूरवरून घागरी वाहणाऱ्या बायकांच्या अनुभवाला त्या हिशेबात जागा नव्हती.

कारखाना मात्र मार्च २००४ मध्येच थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला नाही. २०१० साली राज्याच्या समितीने नुकसान सुमारे २१६ कोटी रुपयांचे ठरविले. भरपाईसाठी न्यायाधिकरण नेमण्याचे विधेयक २०११ मध्ये विधानसभेत संमत झाले, पण त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. मयिलम्मा २००७ सालीच निवर्तल्या होत्या.

आपल्याकडे हा वाद मालकीपेक्षा अग्रक्रमाच्या भाषेत झाला. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती होती. हा क्रम २०११ मध्ये बदलला. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात असताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यकारखान्यांच्या पाण्यात मे महिन्यापासून ६० टक्के कपात फर्मावली. ती जूनअखेरपर्यंतचीच होती.