नटी, भिक्षू आणि साठ हजार रुपये

शांतिनिकेतनात वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, कार्यक्रमांवर चालतं. पाऊस आला की वर्षामंगल, रोपं लावायची तर वृक्षारोपणाचा सोहळा, नांगरणीला हलकर्षण, पूजेच्या सुट्टीआधी मुलांची नाटकं, पौषात मेळा, फाल्गुनात वसंतोत्सव. सुट्टी लागण्याआधी महालयाच्या दिवशी विद्यार्थी 'आनंदबाजार' भरवतात, तोही अर्धा बाजार आणि अर्धा प्रयोगच. इतर विद्यापीठांत 'गॅदरिंग' हा अभ्यासातून काढलेला वेळ असतो. इथे गाणं, नाटक आणि नाच हाच अभ्यासाचा एक भाग आहे, असं या संस्थेने पहिल्यापासून सांगितलं. पण हे सांगणं लोकांच्या गळी उतरवायला तीसेक वर्षं लागली, आणि त्यासाठी काही मुलींना रंगमंचावर उभं राहावं लागलं. ही त्या तीस वर्षांची गोष्ट आहे.

डिसेंबर १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी ब्रह्मचर्याश्रम काढला तेव्हा विद्यार्थी होते पाच. नाव ब्रह्मचर्याश्रम आणि सगळे मुलगे, त्यामुळे पुढे रवींद्रनाथ या मुलांसाठी नाटकं लिहू लागले तेव्हा त्यांत बाईचं पात्र नसणं हे व्यवहाराला धरूनच होतं. १९०८ चं 'शारदोत्सव' हे असं नाटक. शरद ऋतू, सुट्टी लागलेली पोरं, एक संन्यासी आणि सहज म्हणता येतील अशी गाणी. 'अचलायतन'ही तसंच. आपल्याकडे त्याच सुमारास बालगंधर्व नऊवारी नेसून उभे राहिले की प्रेक्षक श्वास रोखत. आश्रमाने मात्र मुलग्यांना लुगडी नेसवण्यापेक्षा बायकांविना नाटक लिहिणं पसंत केलं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे मुली आल्या तेव्हा त्यांना कुठल्या लाडक्या पुरुष नटाची जागा हिरावून घ्यावी लागली नाही.

या काळातली एक नोंद करून पुढे जातो. १९०७ च्या वसंतपंचमीला रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने आश्रमातल्या मुलांना जमवून एक ऋतूत्सव केला. कुणी वसंत झालं, कुणी पाऊस. आज हजारो लोक ज्या वसंतोत्सवासाठी बोलपूरला धडकू पाहतात, त्याचं मूळ बरेच जण या पोरखेळात शोधतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात शमी कॉलऱ्याने गेला. तो अकरा वर्षांचा होता.

१९१६ च्या जानेवारीत 'फाल्गुनी'चा प्रयोग कोलकात्यात जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात झाला. बांकुडा जिल्ह्यात दुष्काळ होता, त्यासाठी पैसे उभे करायचे होते. विद्यार्थी, शिक्षक आणि ठाकूर घराण्यातले अवनींद्रनाथ-गगनेंद्रनाथ असे सगळे एकाच मंचावर होते, आणि आंधळ्या बाऊलाचं काम खुद्द रवींद्रनाथांनी केलं. पैशासाठी मुलांना घेऊन शहरात जायचं आणि स्वतः कवीने मंचावर असायचं, या दोन गोष्टी इथून जोडल्या गेल्या त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत.

गाण्या-नाटकाला कुणाचा फारसा आक्षेप नव्हता. नाचाची गोष्ट वेगळी होती. नाच म्हटलं की सुशिक्षित बंगाली माणसाला बाईजी आठवे. कोलकात्याच्या धंदेवाईक रंगभूमीवर १८७३ पासून स्त्रिया काम करत होत्या, पण त्या 'तसल्या' वस्तीतून आलेल्या. विनोदिनी दासीसारख्या नटीवर लोक जीव ओवाळून टाकत आणि तिला घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवत. ठाकूर घराण्यातल्या मुली घरच्या नाटकांत कामं करत, हे खरं. १८८१ च्या 'वाल्मीकि प्रतिभा'त रवींद्रनाथांची पुतणी प्रतिभा सरस्वती झाली होती. पण श्रीमंतांच्या वाड्यात निमंत्रितांपुढे काय चालतं आणि शाळामास्तराच्या मुलीने काय केलेलं चालतं, यात तेव्हाही अंतर होतं.

१९१९ च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ सिल्हेटला गेले असताना माछिमपूर या मणिपुरी वस्तीत त्यांनी तिथला नाच पाहिला. त्यात कटाक्ष नव्हता, कंबर मुरडणं नव्हतं; कृष्णभक्ती होती आणि संथ, गोल फिरणारी लय. त्यांनी शिक्षक मिळवायचं ठरवलं. त्रिपुराच्या महाराजांच्या मदतीने बुद्धिमंत सिंह हे नृत्यशिक्षक शांतिनिकेतनात आले. सुरुवातीला शिकले ते मुलगे, आणि या शिक्षणाकडे मृदंगाच्या तालावरचा व्यायाम म्हणून पाहिलं गेलं. नाचाला व्यायाम म्हणणं ही पळवाट होती, पण हुशार पळवाट होती. आपल्याकडेही लेझीम शाळेच्या मैदानात खेळलं जातं आणि त्याला कुणी नाच म्हणत नाही.

मुलींची सोय आश्रमात १९०८ च्या सुमारास एकदा करून पाहिली गेली होती, ती फार टिकली नाही. १९२१ मध्ये विश्वभारतीची रीतसर स्थापना झाल्यानंतर मुलींचं वसतिगृह स्थिरावलं. मग नवकुमार सिंह आले आणि मुली नाच शिकू लागल्या. यामागे प्रतिमादेवी होत्या, रवींद्रनाथांच्या सूनबाई. शांतिनिकेतनातल्या नृत्याचा इतिहास सांगताना सगळं श्रेय गुरुदेवांच्या पदरात टाकायची सवय आहे. तालमी घेणं, वेश ठरवणं, मुलींच्या आईबापांचा विश्वास सांभाळणं ही कामं कुणी केली असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा प्रतिमादेवी हेच येतं.

१९२६ च्या वैशाखात कवीचा वाढदिवस यायचा होता. फक्त मुलींना करता येईल असं काहीतरी हवं, 'पूजारिणी' या तुमच्या कवितेचं नाटक होईल, असं प्रतिमादेवींनी सुचवलं. त्यातून 'नटीर पूजा' आलं. कथा अजातशत्रूच्या काळातली. बुद्धाची पूजा करायला बंदी आहे. राजवाड्यातली नर्तकी श्रीमती हिने स्तूपापुढे नाचावं असा हुकूम होतो. तिचा आणि स्तूपाचा, दोघांचाही अपमान व्हावा म्हणून. ती नाचते. नाचता नाचता एकेक दागिना उतरवत जाते, आणि शेवटी भरजरी वस्त्राखाली भिक्षुणीचं वस्त्र दिसतं. बंदी मोडली म्हणून तिला तिथेच मारलं जातं.

आता हे कुणासाठी लिहिलं होतं ते पाहा. नाचणारी बाई म्हणजे हलकी बाई, असं मानणाऱ्या समाजापुढे चांगल्या घरातल्या मुलीने नाचायचं आहे, आणि ती ज्या बाईची भूमिका करते आहे तिला नाचायला लावलं जातंय ते नाच हलका आहे असं मानूनच. श्रीमती उत्तर देते ते नाचूनच. नाटकाबाहेरचा वाद नाटकात इतका नेमका बसलेला क्वचित दिसतो. श्रीमतीचं काम केलं चित्रकार नंदलाल बोस यांची मुलगी गौरी हिने. नंदलाल कलाभवनाचे प्रमुख. त्यांनी आपल्या मुलीला पुढे केलं, हे त्यांच्या कुठल्याही भित्तिचित्राइतकंच धाडसाचं होतं असं मी म्हणेन.

शांतिनिकेतनात प्रयोग झाला, लोक हेलावले. तो घरचा प्रेक्षक होता. पुढच्या जानेवारीत, १९२७ मध्ये, नाटक कोलकात्याला न्यायचं ठरलं तेव्हा प्रश्न उभा राहिला. सगळ्या मुलीच मंचावर, आणि समोर शहर. तेव्हा रवींद्रनाथांनी नाटकात एक पात्र वाढवलं, उपाली नावाचा भिक्षू. तो आरंभी येतो, श्रीमतीकडे भिक्षा मागतो, तिला आशीर्वाद देतो. ते काम त्यांनी स्वतः केलं. नोबेल मिळालेला, पांढऱ्या दाढीचा, पासष्टीचा माणूस मुलींबरोबर मंचावर उभा आहे म्हटल्यावर टीकाकारांची जीभ जरा आवरेल, असा त्यामागे हिशेब होता. टीका तरीही झाली, आणि कौतुकही. पण मुली पुन्हा रंगमंचावर आल्या, आणि त्यानंतर येतच राहिल्या.

या उपालीबद्दल माझं मत थोडं दुहेरी आहे. मुलींना एका थोर पुरुषाची ढाल लागावी, हे आज खटकतं. पण ढाल धरणारा स्वतः शिव्या खायला पुढे उभा होता, हेही विसरता येत नाही. मद्रासकडे रुक्मिणीदेवींनी पहिल्यांदा जाहीरपणे भरतनाट्यम केलं ते १९३५ च्या अखेरीस. मुंबईत 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या ते जुलै १९३३ मध्ये. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शांतिनिकेतनची मंडळी 'शापमोचन' आणि 'ताशेर देश' घेऊन मुंबईला आली होती. एकाच शहराने काही महिन्यांच्या अंतराने हे दोन्ही पाहिलं. मराठी नाट्येतिहासात पहिल्या घटनेला मान आहे आणि दुसरीचा उल्लेखही सहसा नसतो.

मुलींचं धाडस मंचापुरतं राहिलं नाही. १९२९ मध्ये जपानहून ताकागाकी हे ज्युदोचे शिक्षक आले, तेव्हा मुलीही ज्युदो शिकल्या. क्षितिमोहन सेन यांची मुलगी अमिता त्यांतलीच. ती कोलकात्याच्या मंचावर रवींद्रनाथांच्या नाटकांतही नाचली. अमर्त्य सेन यांच्या या आई. सनातनी पत्रांनी आईवर कशी टीका केली आणि दुसऱ्यांनी कशी स्तुती, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे.

पुढे नाचाची भाषा वाढत गेली. विद्यार्थी म्हणून वाढलेले आणि मग शिक्षक झालेले शांतिदेव घोष केरळात जाऊन कथकली पाहून आले, १९३४ च्या सिलोन दौऱ्यानंतर कँडीचा नाच आला, केळू नायर शिकवायला आले. शास्त्रीय नृत्यवाल्यांना ही खिचडी वाटे, आणि ती होतीच. गाण्याच्या अर्थाला जो हात-पाय उपयोगी तो घ्यायचा. गाण्याच्या बाजूला महाराष्ट्रातून गेलेले पंडित भीमराव शास्त्री हसूरकर शिकवून गेले होते.

पण खर्च कुठून व्हायचा? आश्रम काढताना पत्नीचे दागिने विकले गेले, पुरीचं घर गेलं. नोबेलचे पैसे पतिसरच्या कृषिबँकेत ठेवले होते. पुस्तकांचं उत्पन्न संस्थेत जात होतं. तरी तूट होतीच. मग मुलामुलींना घेऊन दौरे.

मार्च १९३६ मध्ये 'चित्रांगदा' नृत्यनाट्य कोलकात्याच्या न्यू एम्पायरमध्ये झालं. मुलासारखी वाढवलेली मणिपूरची राजकन्या अर्जुनासाठी वर्षभराचं उसनं सौंदर्य मागून घेते आणि शेवटी ते परत करून आपण जशा आहोत तशा समोर उभी राहते. मूळ पद्यनाटक १८९२ चं, पण मुली नाचू लागल्यावर त्याला वेगळीच धार आली. कुरूपा आणि सुरूपा अशा दोन चित्रांगदा दोघींनी नाचायच्या. मग मंडळी उत्तरेकडे निघाली. कवी पंचाहत्तरीला टेकलेले, तब्येत खालावलेली, तरी मंचाच्या एका कडेला बसून राहत. लोक त्यांना बघायला तिकीट काढतात हे त्यांनाही माहीत होतं.

दिल्लीत गांधीजींना हे कळलं आणि सहन झालं नाही. या वयात गुरुदेवांनी गावोगाव पैशासाठी हिंडावं? किती कमी पडतात, त्यांनी विचारलं. साठ हजार. थोड्याच दिवसांत साठ हजारांचा ड्राफ्ट आला. देणाऱ्यांची नावं जाहीर झाली नाहीत. त्यामागे घनश्यामदास बिर्ला होते असं मानलं जातं. सोबतच्या पत्रात गांधीजींनी उरलेला दौरा रद्द केल्याचं जाहीर करा, असं सुचवलं.

गोष्ट सहसा इथे संपवतात, कारण दोन महात्म्यांच्या स्नेहाचं चित्र छान उमटतं. पण पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, गांधीजींनी पत्रात या दौऱ्यांचा उल्लेख भिक्षेच्या मोहिमा असा केला, आणि रवींद्रनाथ दुखावले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की मी झोळी घेऊन निघालो नव्हतो. माझ्या मुलांना घेऊन मी लोकांना आनंदाचं आमंत्रण द्यायला निघालो होतो, आणि कवीचा धर्म तोच असतो. पैसे मिळाले तर बरंच.

मला इथे रवींद्रनाथांची बाजू पटते. गांधीजींच्या लेखी संस्था हे साध्य होतं आणि प्रयोग हे कष्टाचं साधन. पैसे मिळाले की प्रयोगाची गरज संपली. रवींद्रनाथांच्या लेखी त्या मुलींनी लाहोर-दिल्लीच्या अनोळखी प्रेक्षकांपुढे नाचणं हेच शिक्षण होतं. हां, तूट नसती तर ते इतके फिरले असते का, हा प्रश्न उरतोच. त्यांच्या पत्रांतला थकवा काही खोटा नाही.

फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा शांतिनिकेतनला आले. त्या मुक्कामात विद्यार्थ्यांनी 'चंडालिका' केलं. अस्पृश्य मुलीच्या ओंजळीतून एक बौद्ध भिक्षू पाणी पितो आणि तिला आपण माणूस असल्याचं कळतं, ती कथा. गांधीजींनी प्रयोग शेवटपर्यंत मन लावून पाहिला. निघताना रवींद्रनाथांनी त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं. विश्वभारती ही माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोलाचं धन वाहणारी नौका आहे, तुम्ही तिला आपल्या आश्रयाखाली घ्या, असं त्यात होतं. गांधीजींनी ते पत्र मौलाना आझादांना दाखवलं. १९५१ मध्ये, आझाद शिक्षणमंत्री असताना, संसदेच्या कायद्याने विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झालं आणि तूट भरून काढायचं काम सरकारकडे गेलं. पूजेच्या सुट्टीआधीची मुलांची नाटकं मात्र आधीसारखीच चालू राहिली.