सर्व्हरवरील डिस्क-लेखन : वेग आणि विश्वासार्हता – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकाने ‘माहिती जतन झाली’ असा निर्वाळा दिला की वापरकर्ता निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी माहिती डिस्कवर उतरलेली असतेच असे नाही. अनेकदा ती वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत थांबलेली असते. लेखन असे काही काळ थोपवून धरण्याच्या पद्धतीस ‘राइट कॅशिंग’ म्हणतात. बँकेतील भरणा किंवा परीक्षेचे गुण ज्या सर्व्हरवर नोंदविले जातात, तेथे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

१. विलंबाचे मूळ :
आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये ‘रामॅक’ संगणकासोबत पहिली चुंबकीय डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. पुढे क्षमता अफाट वाढली. परंतु तबकडी फिरून योग्य जागा हेडखाली येईपर्यंत थांबण्याची मर्यादा कायम राहिली. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंदीसाठी पूर्ण फेरा थांबावे लागल्यास सेकंदाला १२० हून अधिक नोंदी होऊ शकत नाहीत. स्मृतीतील लेखन याच्या हजारो पट जलद असते. राइट कॅशिंगची गरज या तफावतीतून निर्माण झाली.

२. युनिक्स आणि नोंदवहीचा मार्ग :
बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीत लेखन प्रथम स्मृतीत साठविले जाई आणि एक लहान प्रोग्रॅम साधारणतः दर ३० सेकंदांनी ते डिस्कवर उतरवी. अर्थात, वीज गेल्यास अर्ध्या मिनिटाचे काम नष्ट होण्याचा धोका होता. १९८३ मधील ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘एफसिंक’ ही आज्ञा आली. तिच्यामुळे एखादी विशिष्ट फाइल तत्काळ उतरविण्याचा आग्रह धरणे शक्य झाले.

डेटाबेस क्षेत्रात जिम ग्रे प्रभृती संशोधकांनी वेगळा मार्ग दृढ केला. बदल आधी नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, लिहावा आणि मूळ तक्त्यात नंतर सवडीने करावा, हे त्याचे सूत्र होय. सी. मोहन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘एरीज’ पद्धती याच सूत्रावर उभी आहे. मात्र या पद्धतीत लेखनाचा क्रम पाळला जाणे अनिवार्य आहे.

३. डिस्कची स्वतःची स्मृती :
कालांतराने डिस्कमध्येच स्वतंत्र कॅश स्मृती बसविण्यात आली. लेखन तबकडीवर होण्यापूर्वीच डिस्क ‘झाले’ असे कळवू लागली आणि सोयीनुसार क्रमही बदलू लागली. त्यामुळे नोंदवहीचा मूळ आधारच डळमळीत झाला. कॅश रिकामी करण्याची आज्ञा आणि बॅटरीचा आधार असलेले रेड कंट्रोलर हे त्यावरील दोन प्रमुख उपाय होत. परंतु पहिल्या उपायाने वेग घटतो. लिनक्सच्या ‘एक्स्ट-३’ फाइलप्रणालीत क्रम राखणारे ‘बॅरिअर’ दीर्घकाळ मुळातच बंद ठेवले गेले. २००८ मध्ये स्थिर झालेल्या ‘एक्स्ट-४’मध्ये ते सुरू ठेवण्यात आले. सुरक्षिततेपेक्षा वेगाला झुकते माप कसे मिळाले, याचे हे बोलके उदाहरण आहे.

फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीमुळेही प्रश्न संपला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीज खंडित करून १५ एसएसडी तपासले असता १३ मध्ये अनपेक्षित दोष आढळले. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकांसमोर आणखी एक बाब आली. लिनक्सवर अयशस्वी ठरलेली एफसिंक आज्ञा पुन्हा दिल्यास, माहिती उतरलेली नसतानाही ‘यशस्वी’ असे उत्तर मिळू शकत होते. त्यामुळे २०१९ मध्ये असे अपयश येताच डेटाबेस थांबवून नोंदवहीच्या आधारे पुन्हा उभा करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक टप्प्यावर वरच्या थराने खालच्या थराच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि खालच्या थराने वेगासाठी तो शब्द वेळेपूर्वीच दिला. राइट कॅशिंग त्याज्य नाही. त्याविना आधुनिक सर्व्हर चालविणे कठीण आहे. मात्र कॅशला बॅटरीचा किंवा कपॅसिटरचा आधार आहे काय आणि ‘झाले’ हे उत्तर नेमका कोणता थर देतो, हे सर्व्हरची जबाबदारी असणाऱ्याने तपासणे आवश्यक ठरते. ज्याच्या खात्यात भरणा दिसत नाही, त्या खातेदाराला वाचलेल्या मिलिसेकंदांचे मोल नसते.